डॉक्टरांच्या मुलीचं पुढं काय झालं

जालन्याच्या ज्या महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवते, तिथं मनोविश्लेषणाच्या जनकाला कुणी नावानं ओळखत नाही. ते परदेशी नाव मुलांच्या जिभेवर नीट बसत नाही. एका वर्षी कुणीतरी ते असं काही उच्चारलं की सगळा वर्ग तास संपेपर्यंत हसत राहिला. तेव्हापासून ते आमच्याकडं नुसते 'डॉक्टर' झाले. मुलं वर्गात शिरता शिरताच विचारतात, आज डॉक्टरांचं काय सांगणार? बाहेरच्या माणसाला वाटावं, गावातले कुणी ओळखीचे डॉक्टर आजारी आहेत आणि त्यांची विचारपूस चालली आहे.

मी स्वतः मंठ्याची. मी शिकत होते तेव्हा हा विषय आम्हाला लिहून दिला जायचा. इदम्, अहम्, पराहम् असे मनाच्या तीन भागांचे तीन शब्द आणि त्यांच्या व्याख्या. परीक्षेत त्या उतरवल्या की झालं. त्या शब्दांच्या मागं व्हिएन्ना नावाच्या शहरात राहणारा, दिवसभर सिगार ओढणारा, सहा लेकरांचा बाप असलेला एक माणूस बसला आहे, हे मला नोकरी लागल्यावर, स्वतः वाचायला लागल्यावर कळलं. त्यामुळं मी आधी माणूस सांगते आणि मग त्याचे विचार. अभ्यासक्रमात त्यांच्या आयुष्याला जागा थोडी आहे, पण मी ती ओढून ताणून मोठी करते.

मुलांना ते आवडतं. डॉक्टरांच्या खोलीतल्या त्या लांबट कोचाचं, त्यावर अंथरलेल्या गालिच्याचं वर्णन केलं की कुणीतरी म्हणतंच, आमच्या घरच्या दिवाणावर सतरंजी टाकतात तसं का? रुग्ण कोचावर पडून मनात येईल ते बोलायचा आणि डॉक्टर त्याच्या उशाशी, त्याला दिसणार नाहीत असे बसायचे. मागं का बसायचे, असं मुलं दरवर्षी विचारतात. मी सांगते, दिवसभर लोकांनी आपल्याकडं टक लावून बघितलेलं त्यांना आवडायचं नाही. हे खरंच आहे, आणि मुलांना ते लगेच पटतं. इथल्या निम्म्या मुलींना लोकांनी बघितलेलं आवडत नाही.

त्या वर्षी वर्गात राजूरची एक मुलगी होती. सकाळच्या एसटीनं यायची, दुसऱ्या बाकावर खिडकीच्या बाजूला बसायची. फार बोलणारी नव्हती, पण मी बोलत असताना तिचे ओठ बारीक हलायचे. ती ऐकता ऐकता पाठ करते आहे असं मला वाटायचं. मला शिकवताना असं एखादं माणूस समोर लागतं. त्या वर्षी मी नकळत तिच्याकडं बघून शिकवत होते.

एकदा ती उशिरा आली. दारात उभी राहून, धापा टाकत म्हणाली, "मॅडम, घर उशिरा सुटलं."

तिला 'गाडी' म्हणायचं होतं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी बोलण्यातल्या चुकांवर शिकवत होते. तोंडातून भलताच शब्द निसटतो तेव्हा तो उगाच निसटत नाही, आत दडलेलं काहीतरी तेवढ्या फटीतून डोकावतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. सगळ्यांना आयतं उदाहरण मिळालं. मॅडम, हिच्या चुकीचा अर्थ सांगा, म्हणून मागची बाकं ओरडायला लागली. ती कानापर्यंत लाल झाली. मी म्हणाले, ज्याच्या तोंडून शब्द निसटला त्यानंच तो उघडायचा असतो, बाकीच्यांनी त्यात हात घालायचा नाही. आणि तिला आत येऊन बसायला सांगितलं. ती बसली, पण त्या दिवशी तिचे ओठ हलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांच्या उतारवयावर आले. हा भाग मी एरवी लवकर उरकायचे. सिगार सुटली नाही, जबड्याचा कर्करोग झाला, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. टाळूचा भाग काढून टाकल्यामुळं नाक आणि तोंड एक झालं, मधे कवळीसारखं एक साधन बसवावं लागलं. ते दुखायचं, नीट बसायचं नाही, आणि ते बसवूनही बोलणं धड स्पष्ट येईना. एका बाजूचा कानही गेला. सिगारचा उल्लेख आला तशी दोन-तीन मुलं एकमेकांकडं बघून हसली. त्यांच्या खिशात गुटख्याच्या पुड्या असतात हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

तेव्हा त्या मुलीनं हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदाच.

"मॅडम, मंग त्यांचं बोलणं कोणाला कळायचं?"

मी सांगितलं, त्यांची धाकटी मुलगी होती. तीच त्यांचं सगळं करायची. औषधपाणी, ते तोंडातलं साधन काढणं-बसवणं, सगळं तिच्याकडं. मोठ्या सभांमध्ये वडिलांना बोलता येईना, तर त्यांनी लिहिलेलं भाषण तिकडं जाऊन ती वाचायची. म्हातारपणी देश सोडून लंडनला पळावं लागलं तेव्हाही ती बरोबर होती, अगदी शेवटपर्यंत.

"लग्न झाल्तं का तिचं?"

मी म्हणाले, नाही. पुढं आणखी सांगणार होते, पण तास संपला आणि मुलं उठली.

त्यानंतर ती यायची बंद झाली. पहिले काही दिवस मी फारसं मनावर घेतलं नाही. सोयाबीनची कापणी, घरातली लग्नं, एसटीचे संप, आमच्याकडं हजेरी अशा कारणांनी सतत कमी-जास्त होत असते. पण दिवस वाढत गेले तसं दुसऱ्या बाकाकडं बघायचं मी टाळायला लागले. शेवटी तिच्याच गाडीनं येणाऱ्या एका मुलीला बाजूला घेऊन विचारलं. तिनं सांगितलं, तिच्या वडिलांचं संभाजीनगरला जबड्याचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यांना बोलता येत नाही, आणि ती आता कॉलेज सोडणार आहे. वर्गात हे बाकी कुणालाच माहीत नव्हतं. तिनंच कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती.

रविवारी मी राजूरला गेले. जालन्यात मस्तगडातल्या माझ्या घरून निघताना मी देवळात जाते आहे असंच शेजारी सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. गणपतीचं दर्शन मी घेतलं. पण दर्शन घेताना माझं लक्ष, त्या घरात जाऊन मी काय बोलणार, याच्याकडं होतं.

त्यांचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं दोन खोल्या. दुकानात नारळ, हळदीकुंकू, लहान मुलांच्या पिपाण्या. चतुर्थी नव्हती, त्यामुळं गिऱ्हाईक कमी होतं. मुलगीच दुकानात बसली होती. मला बघून ती इतकी गडबडली की आधी मला नारळच द्यायला लागली. मग आत पळाली आणि आईला घेऊन आली.

आई उंच, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं मला आत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ विषयाला हात घातला. तिचं म्हणणं असं, की मालकांचा आवाज म्हणजे गावातला एक नंबरचा आवाज होता. चतुर्थीच्या गर्दीत लेकरं चुकायची, तेव्हा देवळाच्या भोंग्यावरून तेच पुकारायचे. त्यांनी पुकारलं की आईबाप जिथं असतील तिथून धावत यायचे. आता त्यांचं बोलणं फक्त पोरीला कळतं. गिऱ्हाइकाला कळत नाही, भावकीला कळत नाही.

"मलाबी न्हाई कळत पुरतं," ती म्हणाली आणि पदरानं खुर्चीचा हात उगाच पुसला. "ही बसमधी बसली की घर मुकं होतं. ते दिवसभर एक शब्द काढत न्हाईत. ही येते तवा बोलतेत."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मान वर केली नाही.

तेवढ्यात वडील बाहेर आले. बारीक झालेले, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, नाकाखालून हनुवटीपर्यंत रुमाल बांधलेला. त्यांनी हात जोडले आणि काहीतरी बोलले. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. आवाज नाकातून आणि घशातून एकदमच येत होता, आणि शब्दांच्या कडा सगळ्या झिजलेल्या होत्या. मुलगी चटकन म्हणाली, ते म्हणतात, मॅडम आल्या, बरं झालं.

चहा आला. त्यांनी घेतला नाही. लोकांसमोर ते काही खात-पीत नाहीत, असं आईनं हळूच सांगितलं. मला एकदम डॉक्टर आठवले. त्यांनाही शेवटी शेवटी चारचौघांत जेवणं नको व्हायचं. पण तिथं ते बोलणं मला बरं वाटलं नाही, आणि मी चहा पीत राहिले.

बोलायला वडिलांनीच सुरुवात केली. ते एक वाक्य बोलायचे, थांबायचे, आणि मुलगी ते मला सांगायची. तिच्या सांगण्यातून मला कळलं की ती रोज संध्याकाळी घरी आल्यावर माझा तास वडिलांना ऐकवायची. अख्खा तास, पहिल्यापासून. ओठ हलवत ती जे करत होती ते याच्यासाठी होतं. अबोध मन त्यांना माहीत होतं, स्वप्नांचं माहीत होतं, कोचावरची सतरंजी माहीत होती. डॉक्टरांच्या जबड्याचंही तिनं येऊन सांगितलं होतं. ते ऐकून त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायला लावलं होतं.

त्यांनी मला विचारलं, असं झाल्यावर डॉक्टरांनी काम सोडलं का? मी म्हणाले, नाही, अगदी शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत ते रुग्ण बघत होते. त्यांच्या कामात तसंही बोलणं थोडं आणि ऐकणं जास्त होतं. यावर त्यांच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या. रुमालाखाली ते हसले असावेत.

मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. मी मुलीकडं पाहिलं. ती गप्प राहिली. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी हळू, एकेक शब्द सुटा करून. ती म्हणाली, काही नाही मॅडम, दुकानाचं बोलून राह्यले. त्यांनी जोरानं मान हलवली आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाले. तिचे डोळे भरून आले. ती खाली फरशीकडं बघत उभी राहिली, पण तोंड उघडेना.

आई चुलीपाशी पातेलं उतरवत होती. तिथून, वळूनही न बघता, ती म्हणाली, "ते विचारून राह्यले, त्या डॉक्टरच्या पोरीचं पुढं काय झालं?"

 वडील बायकोकडं बघत राहिले. मुलगीही बघायला लागली. आईच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. सगळे आपल्याकडं का बघताहेत म्हणून ती पातेलं हातात धरून उभी राहिली, आणि मग तिला कळलं. ती खाली बसली. "मला कळलं," एवढंच म्हणाली, बारीक आवाजात, कुणाला सांगते आहे ते तिला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

वडिलांनी मुलीकडं बोट केलं, मग माझ्याकडं. उत्तर हवं होतं.

मी सांगितलं. वर्गात तास संपल्यामुळं राहून गेलेलं सगळं सांगितलं. ती मुलगी नुसती वडिलांची सेवा करत बसली नाही. ती आधी शाळेत शिक्षिका होती, मग तिनं वडिलांचाच विषय घेतला आणि लहान लेकरांच्या मनावर काम करायला लागली. तिच्या वडिलांनी मोठ्या माणसांचं ऐकून त्यांच्या लहानपणाचा अंदाज बांधला. ही थेट लेकरांजवळ जाऊन बसली. लढाईच्या काळात आईबापापासून तुटलेल्या मुलांसाठी तिनं घरं चालवली. वडील गेल्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, आणि लोक तिच्याकडं शिकायला दुरून दुरून यायचे. तिनं वडिलांचं केलं आणि स्वतःचंही केलं. दोन्ही जमवताना तिला काय सोसावं लागलं असेल ते मला माहीत नाही, असंही मी म्हणाले, कारण ते खरं होतं.

वडील ऐकत होते. मी थांबल्यावर ते मुलीशी काहीतरी लांब बोलले. तिनं ते मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आई मात्र अधूनमधून एखादा शब्द पकडत होती आणि मोठ्यानं म्हणून बघत होती. एकदा चुकली. ते चिडले, हातानं नाही नाही केलं. तिनं पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्यांदाही चुकली, आणि या वेळी मुलीला रडता रडता हसू आलं. आईनं 'बस' ऐकलं होतं आणि ते 'बास' म्हणत होते.

निघताना आई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिनं विचारलं, ती पुन्हा यायला लागली तर मधले दिवस बुडाले त्याचं काय? मी म्हणाले, ते मी बघते. ती म्हणाली, ती घरात असताना मी त्यांच्या बोलण्याकडं कधी कान दिलाच नाही, ती सांगायची न, मंग मला काय गरज होती.

मुलगी पुढच्या सोमवारी आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मी स्टाफरूममधून निघताना ती जिन्यात उभी होती. माझ्याबरोबर वर्गात आली आणि दुसऱ्या बाकावर बसली. मुलांना तिच्या घरचं आता कळलं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो तिच्या चुकीवर सगळ्यात जोरात हसला होता, त्यानं तिला न विचारता मधल्या सगळ्या तासांचं लिखाण तिच्यासमोर आणून ठेवलं. त्याचं अक्षर इतकं वाईट होतं की तिला ते कधी वाचता आलं असेल असं मला वाटत नाही, पण तिनं ते जपून दप्तरात ठेवलं.

त्यानंतर घरची बातमी मला तिच्याकडून थोडी थोडी कळायची. आईचं शिकणं सोपं नव्हतं. ती घाई करायची, अर्धं ऐकून उरलेलं स्वतःच्या मनानं भरायची आणि भलतंच सामान आणून ठेवायची. वडील वैतागून दिवसभर अबोला धरायचे. मग गिऱ्हाईक यायचं आणि त्यांना बोलावंच लागायचं. पावसाळ्यापर्यंत दुकान आईच्या भरवशावर बरोबर चालायला लागलं. मुलगी हे सांगताना खुश असायची, आणि कधी कधी नसायचीही. एकदा ती म्हणाली की परवा घरी गेले तर आई-बाबा काहीतरी बोलून राह्यले होते आणि मी आल्यावर दोघंही गप्प झाले. हे सांगून ती माझ्याकडं बघत राहिली. वडिलांचं बोलणं एकट्या तिला कळायचं, ते आता दोघींचं झालं होतं. मी तिला काही समजावलं नाही. अशा वेळी डॉक्टर उशाशी बसून नुसते ऐकायचे. मी समोर बसून ऐकलं.

ती पास झाली, चांगल्या गुणांनी. एम.ए.साठी संभाजीनगरला जायचं ठरलं. जायच्या आधी ती आणि तिची आई मस्तगडात माझ्या घरी आल्या. आईनं पिशवीभर पेढे आणि घरच्या ज्वारीचं पीठ आणलं होतं. वडिलांची तब्येत कशी आहे विचारलं, तर तपासणीला दर काही महिन्यांनी जावं लागतं, सध्या तरी ठीक आहे, पुढचं कुणी सांगत नाही, असं ती म्हणाली. मुलगी आत माझी पुस्तकं बघत होती. चहा झाल्यावर आई जरा पुढं सरकून बसली.

"मॅडम, तुमच्या त्या अभ्यासात बापाचं न् पोरीचं लई हाय. मायचं कायी असतं का?"

मला हसू आलं. मी म्हणाले, मायचंच सगळ्यात जास्त असतं. तिला ते खरं वाटेना. मग मी तिला डॉक्टरांच्या आईबद्दल सांगायला बसले. हा तिचा पहिला मुलगा, फार लाडका. म्हातारा झाला, जगात नाव झालं, तरी ती त्याला माझं सोनं म्हणायची. त्याच्यासाठी घरात वेगळी खोली, बहिणीच्या पेटीसारख्या बाज्याच्या आवाजानं त्याचा अभ्यास बिघडतो म्हणून बाजा घरातून बाहेर. ती हे सगळं अगदी मन लावून ऐकत होती. मधे एकदा, पोरीच्या जातीला असंच करतेत, म्हणाली आणि मला पुढं सांगा अशी खूण केली.

मी सांगितलं की ती माउली खूप जगली, नव्वदीच्याही पुढं गेली. मुलगा तोवर आजारी पडला होता. आपण आईच्या आधी गेलो तर तिला हे सोसवणार नाही, याची त्याला फार धास्ती होती.

"मंग?"

आधी आईच गेली, मी म्हणाले. तो नंतर काही वर्षांनी.

तिनं थोडा विचार केला. मग पिशवी उचलली, पोरीला हाक मारली आणि म्हणाली, "मंग ठीक झालं."